कुठलं वडगाव? व्हेरिएबलचा स्कोप आणि शॅडोइंग

रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सकाळी जावाचं प्रॅक्टिकल. "मामा, खात्यात पाचशे टाकतेय तर शिल्लक शून्य दाखवतंय. एरर काहीच नाही. दीड तास झाला, डोकं चालेना." पाठोपाठ स्क्रीनचा फोटो आला. प्रोग्रॅम जेमतेम वीस ओळींचा, आणि दुखणं त्यातल्या एका ओळीत:

क्लास खाते {
    इंट शिल्लक;

    खाते(इंट शिल्लक) {
        शिल्लक = शिल्लक;
    }
}

जावात व्हेरिएबलला देवनागरी नाव खरोखर देता येतं. क्लास, इंट (म्हणजे पूर्णांक), धिस असे भाषेचे राखीव शब्द मात्र रोमन लिपीतच लिहावे लागतात. इथे वाचायला सोपं जावं म्हणून सगळंच देवनागरीत लिहिलं आहे.

"शिल्लक बरोबर शिल्लक." मोठ्याने वाचलं तरी खटकत नाही, कारण लिहिणाऱ्याच्या मनात अर्थ स्पष्ट आहे: आलेली शिल्लक खात्याच्या शिलकीत ठेव. जावा शिकणारी कितीतरी पोरं मी याच ओळीपाशी अडखळलेली पाहिली आहेत. त्यांना उत्तर माहीत नसतं असंही नाही. "तिथे धिस लाव" हे कोणीतरी सांगतंच, ते लावतात, पाचशे दिसतात आणि विषय मिटतो. धिस लावल्याने नेमकं काय बदललं, हे मात्र कळत नाही. मग तेच दुखणं महिन्याभराने दुसऱ्या रूपात येतं, आणि तेव्हा "धिस लाव" हे औषध लागू पडत नाही. म्हणून जरा मुळापासून पाहू.

पासबुक आणि स्लिप

व्हेरिएबल म्हणजे काहीतरी ठेवायची जागा आणि त्या जागेला दिलेलं नाव. यातला "आणि" महत्त्वाचा. जागा ही एक गोष्ट, नाव ही दुसरी. एकाच नावाच्या दोन जागा असू शकतात, आणि या लेखातली सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

क्लास म्हणजे नमुना: बँकेने छापून घेतलेलं कोरं पासबुक. ऑब्जेक्ट म्हणजे त्या नमुन्यावरून एकेका खातेदारासाठी तयार केलेलं खरं पासबुक. हजार खातेदार असतील तर नमुना एक आणि पासबुकं हजार. पासबुकात "शिल्लक" असा जो रकाना आहे, त्याला फील्ड म्हणतात. पासबुक असेपर्यंत हा रकाना असतो आणि प्रत्येकाच्या पासबुकात तो वेगळा असतो.

आता खातं उघडायला माणूस काउंटरवर येतो आणि एक स्लिप भरून देतो. तिच्यावर लिहिलेलं असतं: शिल्लक, पाचशे. खातं उघडण्याच्या या कामाला कन्स्ट्रक्टर म्हणतात, आणि स्लिपवरून आत आलेल्या आकड्याला पॅरामीटर. स्लिपचं आयुष्य किती? काउंटरवरचं काम होईपर्यंत. काम झालं की ती फाटून टोपलीत जाते. पासबुक मात्र राहतं.

भाचीच्या प्रोग्रॅममध्ये पासबुकातल्या रकान्याचं नाव "शिल्लक" आणि स्लिपवरच्या आकड्याचं नावही "शिल्लक". जागा दोन, नाव एक.

नाव कुठवर चालतं

एखाद्या नावाने हाक मारली तर ती जिथवर ऐकू जाते, तेवढा प्रोग्रॅमचा भाग म्हणजे त्या नावाचा स्कोप. चार मजली बिल्डिंगमध्ये सोळा घरं असतात आणि सोळा घरांत "आई" असते. तिसऱ्या मजल्यावरच्या पोराने "आई, भूक लागली" म्हटलं तर तळमजल्यावरची आई ताट वाढायला घेत नाही. "आई" या शब्दाचा स्कोप त्या घरापुरता. प्रत्येक घराला आपल्या आईसाठी वेगळा शब्द शोधावा लागला असता तर काय झालं असतं, याचा जरा विचार करा. स्कोप ही प्रोग्रॅमिंगमधली अडचण आहे असं पोरांना वाटतं. खरं तर ती फार मोठी सोय आहे. दोनशे जण मिळून लिहीत असलेल्या प्रोग्रॅममध्ये मी माझ्या मेथडमध्ये (क्लासमधल्या एखाद्या कामाच्या ओळींच्या गटात) "एकूण" नावाचं व्हेरिएबल बिनधास्त घेऊ शकतो, कारण तुमच्या "एकूण"ला त्याने धक्का लागणार नाही याची भाषेने हमी दिलेली असते.

जावा, सी++, सी शार्प या भाषांत घराच्या भिंती म्हणजे महिरपी कंस. कंस उघडला की घर सुरू, बंद झाला की घर संपलं. मेथडच्या कंसात जन्मलेलं व्हेरिएबल त्या मेथडपुरतं, त्याला लोकल म्हणतात. लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या, कंसात जन्मलेलं लूपपुरतं. क्लासच्या कंसात, पण मेथडच्या बाहेर जाहीर केलेलं फील्ड त्या क्लासमधल्या सगळ्या मेथडना दिसतं. पॅरामीटर कंसाच्या किंचित बाहेर लिहिलेला दिसला तरी तो त्या मेथडच्या घरातलाच.

घरं एकात एक असतात: क्लासच्या आत मेथड, मेथडच्या आत लूप, लूपच्या आत इफ. आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं दिसत नाही.

आता कळीचा प्रश्न. एकच नाव आतही असेल आणि बाहेरही असेल तर?

पुण्यात हा प्रश्न रोज सुटतो. वडगाव मावळ आहे, वडगाव शेरी आहे, वडगाव बुद्रुक आहे. सिंहगड रस्त्यावरच्या टपरीवर उभं राहून कोणी "वडगावला जायचंय" म्हणालं तर ते बुद्रुक. तळेगावच्या बाजूला तेच वाक्य म्हटलं तर मावळ. विमाननगरच्या रिक्षावाल्याला म्हटलं तर तो शेरीकडे वळवील. माणूस जिथे उभा आहे तिथून सर्वांत जवळचं वडगाव धरलं जातं, पुढची वडगावं कोणी शोधत बसत नाही.

कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम तपासून मशीनसाठी त्याचं भाषांतर करणारा प्रोग्रॅम, हेच करतो. नाव दिसलं की आधी आपण उभे आहोत त्या कंसात पाहतो. नाही सापडलं तर एक कंस बाहेर, मग आणखी बाहेर. पहिलं जे सापडेल ते घ्यायचं आणि तिथेच थांबायचं. मागे आणखी कोणी त्या नावाचं आहे का, हे तो नाव लावताना पाहत नाही. तुमच्या मनात कुठलं होतं, हे तर त्याला कळण्याचा प्रश्नच नाही.

ग्रहण लागतं म्हणजे काय

आतल्या नावामुळे बाहेरचं नाव दिसेनासं होतं, याला शॅडोइंग म्हणतात. शब्द सावलीवरून आलेला आहे, पण मला ग्रहणाची उपमा जास्त जवळची वाटते. ग्रहणात सूर्य विझत नाही. तो जागेवरच असतो, फक्त मध्ये चंद्र आल्याने पृथ्वीच्या एका पट्ट्यातून तो झाकला जातो. त्याच घटकेला पृथ्वीवर दुसरीकडे लख्ख ऊन पडलेलं असतं. शॅडोइंग अगदी असंच: फील्ड कुठे जात नाही, त्यातली किंमतही बदलत नाही. कन्स्ट्रक्टरच्या कंसांपुरतं ते झाकलेलं, शेजारच्या मेथडमधून व्यवस्थित दिसणारं.

आता ती ओळ पुन्हा वाचू. "शिल्लक = शिल्लक". बरोबरच्या चिन्हाचा अर्थ: उजवीकडचं उचल, डावीकडे ठेव. कंपायलर उजवीकडचं "शिल्लक" शोधायला निघतो. आपण कन्स्ट्रक्टरच्या घरात आहोत. इथे पॅरामीटर "शिल्लक" आहे. सापडलं, थांबला. मग डावीकडचं "शिल्लक". घर तेच, पॅरामीटर तोच. सापडलं, थांबला.

म्हणजे घडलं काय? कारकुनाने स्लिपवरचा पाचशेचा आकडा वाचला आणि त्याच स्लिपवर पुन्हा पाचशे लिहिला. पासबुक टेबलावर उघडं पडलेलं होतं, त्याला हातही लागला नाही. काम संपलं, स्लिप टोपलीत गेली.

पासबुकात शून्य कुठून आलं? जावात नवीन ऑब्जेक्ट तयार होतो तेव्हा त्यातल्या आकड्यांच्या फील्डमध्ये आधी शून्य भरलं जातं. आकडा नसून दुसरा ऑब्जेक्ट ठेवायची जागा असेल तर तिथे नल, म्हणजे "काही नाही". भाचीला दिसलेलं शून्य हे ते मुळातलं शून्य. सी++ मध्ये हीच चूक केली तर शून्याचीही खात्री नसते. मेमरीत आधीचा जो कचरा पडलेला असेल तो आकडा म्हणून समोर येऊ शकतो.

मग कंपायलर ओरडला का नाही?

कारण ओळीत व्याकरणाची चूक नाही. "आकडा घे, आकड्याच्या जागी ठेव" हे वाक्य त्याच्या दृष्टीने शुद्ध आहे. ते निरर्थक आहे, पण निरर्थक वाक्य आणि अशुद्ध वाक्य यांत फरक असतो. एक्लिप्ससारखा एडिटर अशा ओळीला पिवळी खूण करून सांगतो की या ओळीने काहीही साधत नाही. त्या पिवळ्या खुणेकडे कृपा करून लक्ष द्या. लाल खूण दिसली की आपण धावतो आणि पिवळीकडे सरावाने दुर्लक्ष करतो. शॅडोइंगच्या बाबतीत ती पिवळी खूणच काय ती मदतीला येते.

सी आणि सी++ साठी वापरल्या जाणाऱ्या जीसीसी कंपायलरमध्ये शॅडोइंग दिसलं की इशारा देणारी खास सोय आहे. पण नेहमीचे इशारे चालू करणाऱ्या "वॉल" या पर्यायात ती येत नाही, वेगळी मागावी लागते.

धिस म्हणजे "वडगाव मावळ"

स्वारगेटला उभं राहून "वडगाव" म्हटलं की समोरचा विचारतो, "कुठलं वडगाव?" मग आपण पूर्ण नाव सांगतो. आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. एका नावाची दोन गावं शेजारी असली की एकाला बुद्रुक म्हणायचं, दुसऱ्याला खुर्द. एक थोरलं, एक धाकटं. नाव बदलायची गरज पडली नाही.

धिस हे तसंच पूर्ण नाव आहे. त्याचा अर्थ: ज्या ऑब्जेक्टवर आत्ता काम चालू आहे तो, म्हणजे टेबलावर उघडलेलं हे पासबुक. ओळ अशी होते:

धिस.शिल्लक = शिल्लक;

डावीकडे "या पासबुकातली शिल्लक". इथे कंसांतून बाहेर बाहेर शोधत जाण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण पत्ता दिलेला आहे. उजवीकडे नुसती "शिल्लक", म्हणजे नेहमीच्या शोधाने सर्वांत जवळची, अर्थात स्लिपवरची. स्लिपवरून उचल, पासबुकात लिही. झालं काम.

याहून पक्का उपाय हवा असेल तर फील्डच्या आधी फायनल लिहा. फायनल म्हणजे "यात एकदाच किंमत भरायची, आणि ती कन्स्ट्रक्टर संपायच्या आत भरलीच पाहिजे". आता चुकून "शिल्लक = शिल्लक" लिहिलं तर फील्ड रिकामंच राहतं आणि कंपायलर तिथल्या तिथे लाल खूण करतो. मुकी चूक बोलकी होते. शिल्लक बदलती असते म्हणून तिला फायनल करता येणार नाही हे खरं, पण खाते क्रमांक, उघडल्याची तारीख, खातेदाराचं नाव ही फील्ड्स फायनल केलेलीच बरी.

सरळ वेगळंच नाव दिलं तर?

हा आक्षेप मला पटतो, निदान निम्मा. पॅरामीटरला "सुरुवातीचीरक्कम" म्हटलं तर गोंधळच होणार नाही, आणि ते नाव "शिल्लक"पेक्षा नेमकंही आहे. सी++ लिहिणारे बरेच जण फील्डच्या नावाआधी एम आणि खाली आडवी रेघ लावतात, काही जण नावाच्या शेवटी रेघ देतात. स्लिप आणि पासबुक दुरूनच वेगळे ओळखू येतात.

पण जावात कन्स्ट्रक्टर आणि सेटर, म्हणजे एकाच फील्डमध्ये किंमत भरणारी छोटी मेथड, या दोन ठिकाणी तेच नाव आणि धिस ही पद्धत इतकी रुळली आहे की दुसऱ्याचा कोड वाचताना ती दिसणारच. तिथे ती सोयीचीही आहे. वाचणाऱ्याला लगेच कळतं की कुठली स्लिप कुठल्या रकान्यासाठी. माझं मत असं: या दोन जागांच्या बाहेर फील्डचं नाव लोकलला देऊ नये. पन्नास ओळींच्या मेथडमध्ये मध्येच कुठेतरी "शिल्लक" नावाचं लोकल घेतलं की चाळिसाव्या ओळीवर वाचणारा फसणार, आणि बहुतेक वेळा तो वाचणारा म्हणजे सहा महिन्यांनंतरचे तुम्हीच असणार.

एक जादा शब्द

आता शॅडोइंगचं ते दुसरं रूप, ज्यावर "धिस लाव" चालत नाही. माझ्या मते हेच जास्त छळतं.

क्लासच्या सुरुवातीला "बटण" नावाचं फील्ड जाहीर केलेलं आहे. कन्स्ट्रक्टरमध्ये ते तयार करायचं आहे. लिहिणारा लिहितो:

जेबटन बटण = न्यू जेबटन("जमा करा");

बरोबर दिसतं ना? बटण तयार होतं, खिडकीत लावलं तर स्क्रीनवर दिसतंही. पण ओळीच्या सुरुवातीला "जेबटन" (स्क्रीनवरच्या बटणासाठी जावात तयार मिळणारा क्लास) हा प्रकाराचा, म्हणजे जागेत काय ठेवायचं ते सांगणारा, शब्द पुन्हा आला आहे. जावात प्रकार लिहून नाव लिहिणं म्हणजे जुन्याला हाक मारणं नव्हे, नव्याला जन्म देणं. त्या एका शब्दामुळे "बटण" नावाचं नवं लोकल तयार झालं आणि नवं बटण त्यात गेलं. क्लासचं फील्ड नलच राहिलं. नंतर दुसऱ्याच मेथडमध्ये "बटण बंद कर" म्हटलं की प्रोग्रॅम नल पॉइंटर एक्सेप्शन देऊन कोसळतो. धूर एकीकडे, आग दुसरीकडे. एरर ज्या ओळीचा नंबर दाखवते ती ओळ निर्दोष असते, आणि पोरगं तिच्याकडे तासभर टक लावून बसतं.

इथे तर स्वतःला स्वतःत ठेवण्याचा निरर्थकपणाही नाही, त्यामुळे ती पिवळी खूणसुद्धा मिळेलच असं नाही. म्हणून सवय अशी लावून घ्या: एखादं फील्ड नल का आहे हे कळेना, तर एररच्या ओळीवर न थांबता त्या फील्डमध्ये किंमत जिथे भरली ती ओळ शोधा आणि तिच्या सुरुवातीला प्रकाराचा शब्द आहे का पाहा. असेल तर तो एक शब्द पुसा.

हे सगळं बंदच का करत नाहीत?

एवढा घोळ होतो तर आतलं नाव बाहेरच्या नावासारखं ठेवायला मनाईच करावी, असं कोणालाही वाटेल. काही भाषांनी ते केलंही आहे. झिग ही नवी भाषा शॅडोइंग मुळीच चालवून घेत नाही. जावाने मधला रस्ता धरला: फील्डवर लोकलची सावली चालते, पण मेथडमध्ये एक लोकल हयात असताना त्याच्या आतल्या कंसात त्याच नावाचं दुसरं लोकल घेतलं तर एरर. सी++ ला दोन्ही चालतं. रस्टमध्ये तर उलटा मामला आहे. तिथे एकाच नावाने पुन्हा नवं व्हेरिएबल घेणं ही रोजची, मान्य रीत आहे.

परवानगीमागचं कारण मात्र भक्कम आहे. समजा तुमचा क्लास दुसऱ्या कोणाच्या तरी क्लासवर उभा आहे. तुमच्या मेथडमध्ये तीन वर्षांपासून "नोंद" नावाचं लोकल आहे. आता त्या दुसऱ्या माणसाने आपल्या क्लासमध्ये "नोंद" नावाचं फील्ड नव्याने घातलं. शॅडोइंगला मनाई असती तर तुम्ही एक अक्षर न बदलता तुमचा प्रोग्रॅम मोडला असता. जवळचं नाव जिंकतं या नियमामुळे तुमची मेथड पूर्वीसारखीच चालत राहते. घरात बाळाचं नाव ठेवताना कोणी अख्ख्या तालुक्याची मतदारयादी चाळत नाही. ते स्वातंत्र्य हवं असेल तर दोन घरांत एक नाव येणारच.

ही व्यवस्था जुनी आहे. कंसांसारख्या चौकटीत व्हेरिएबल जाहीर करायचं आणि त्याचं नाव तेवढ्यापुरतंच चालवायचं, ही कल्पना १९६० च्या अल्गॉल ६० या भाषेने रूढ केली. नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी सिम्युला ६७ मध्ये क्लास आणि ऑब्जेक्ट आणले, ते अल्गॉलच्याच पायावर. "हा ऑब्जेक्ट" असं सांगणारा धिस शब्द सिम्युलातही होता. १९९५ साली जावा आली तेव्हा हा वारसा तिला सी++ मार्फत मिळाला.

पायथनमध्ये गोष्ट थोडी वेगळी

हल्ली पुष्कळ जण थेट पायथननेच सुरुवात करतात. तिथे मेथडमध्ये नुसतं "शिल्लक" म्हटलं तर पासबुकात शोधलंच जात नाही. शोध फंक्शनच्या आत, मग ते फंक्शन दुसऱ्या फंक्शनच्या पोटात असेल तर त्या बाहेरच्या फंक्शनमध्ये, मग फाइलभर, आणि शेवटी भाषेने आधीच दिलेल्या नावांत होतो. क्लासचं घर या वाटेवर लागतच नाही. पासबुक हवं तर दर वेळी "सेल्फ.शिल्लक" असं पूर्ण नाव घ्यावं लागतं. सुरुवातीला त्या सेल्फचा कंटाळा येतो, पण भाचीच्या रात्रीनंतर मला ती सक्ती शहाणपणाची वाटू लागली आहे. शिवाय कन्स्ट्रक्टरमध्ये चुकून "शिल्लक = शिल्लक" लिहिलं तर पायथन शून्य दाखवत नाही; पुढे "सेल्फ.शिल्लक" वाचायला गेलं की असं काही या ऑब्जेक्टमध्ये नाही, असं स्पष्ट सांगतो.

पण पायथनची स्वतःची एक सावली आहे. बँकेच्या क्लासमध्येच, कुठल्याही मेथडच्या बाहेर, लिहिलं "व्याजदर = ४". हा दर क्लासचा, सगळ्या पासबुकांना सामाईक. शाखेच्या भिंतीवरच्या फलकासारखा. कोणत्याही खात्याला "तुझा व्याजदर किती?" विचारलं की ते आधी स्वतःच्या पासबुकात बघतं, तिथे नसेल तर फलक बघून चार सांगतं. आता एका खात्याच्या बाबतीत "सेल्फ.व्याजदर = ७" लिहिलं. वाटतं की फलकावरचा आकडा बदलला. पण फलक तसाच आहे. त्या एका पासबुकात "व्याजदर" नावाचा नवा रकाना उघडला गेला. पुढच्या महिन्यात क्लासचा दर पाच केला तर सगळी खाती पाच सांगतील, ते एक खातं सातच सांगत राहील. कधी हे मुद्दाम हवं असतं, ज्येष्ठ नागरिकाला वेगळा दर द्यायचा असेल तेव्हा. अजाणता झालं तर हिशेब जुळत नाही आणि कारण सापडत नाही.

आणखी एक, नवशिक्यांना हमखास भेटणारं: यादी ठेवायला व्हेरिएबलचं नाव "लिस्ट" ठेवणं. पायथनमध्ये लिस्ट हे आधीच दिलेलं नाव आहे. तुमचं नाव जवळचं, म्हणून ते जिंकतं, आणि पुढे खऱ्या लिस्टला हाक मारली की तुमची यादी समोर येते आणि एरर फुटते. सम, मॅक्स, इनपुट यांचंही तसंच.

आईबापांच्या क्लासमधलं नाव

एक जागा अशी आहे जिथे जाणतेही चुकतात: वारसा, म्हणजे एका क्लासवरून दुसरा काढणं. "खाते" या क्लासमध्ये "प्रकार" नावाचं फील्ड, किंमत "साधे". त्यावरून काढलेल्या "बचतखाते" मध्ये पुन्हा "प्रकार", किंमत "बचत". वाटतं की मुलाने बापाची किंमत बदलली. जावात तसं होत नाही. बचत खात्याच्या प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये आता दोन रकाने आहेत, दोघांचं नाव "प्रकार", आणि एकाने दुसऱ्याला झाकलं आहे. याला हायडिंग असं वेगळं नाव आहे.

कुठला रकाना वाचला जाईल? तुम्ही त्याच्याकडे कुठल्या नजरेने पाहता त्यावर. बचत खात्याचा ऑब्जेक्ट "खाते" या प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये ठेवून "प्रकार" विचारला तर उत्तर येतं "साधे". पण तीच माहिती देणारी मेथड दोन्ही क्लासमध्ये लिहिली असेल, तर त्याच व्हेरिएबलमधून मेथडला हाक मारल्यावर उत्तर "बचत" येतं. मेथडच्या बाबतीत खरा ऑब्जेक्ट कोण हे प्रोग्रॅम चालताना पाहिलं जातं. फील्डच्या बाबतीत व्हेरिएबलवर लिहिलेला प्रकार पाहून कंपायलर आधीच निर्णय घेऊन बसलेला असतो. मुलाच्या क्लासमध्ये बापाच्या फील्डचं नाव पुन्हा जाहीर करण्याचं सबळ कारण मला आजवर सापडलेलं नाही. किंमत वेगळी हवी असेल तर कन्स्ट्रक्टरमधून तीच फील्ड भरावी, किंवा मेथड वापरावी.

आता कोड एआय लिहितं, मग हे कशाला शिकायचं?

कारण वाचायचा आपल्यालाच आहे. बनवून मिळालेला कोड चालतो की नाही हे लगेच दिसतं, पण वर पाहिलेल्या चुका न ओरडता चालणाऱ्या आहेत. शून्य हीसुद्धा एक शिल्लकच असते. आकडा चूक आहे हे ओळखणारा आणि तो कुठल्या "शिल्लक"मधून आला हे विचारणारा माणूस लागतो. चांगले एडिटर फील्ड आणि लोकल वेगळ्या रंगात दाखवतात. ते रंग चालू ठेवा आणि त्यांच्याकडे बघायची सवय करा. एकाच ओळीत "शिल्लक" दोनदा आहे आणि दोन्हींचा रंग एकच आहे, हे डोळ्याला आधी कळतं, डोक्याला नंतर.

परीक्षेत कागदावर लिहायचं तेव्हा रंग नसतात. म्हणून भाचीला त्या रात्री एक युक्ती सांगितली. प्रिंटआउट घे, पेन्सिल घे. जिथे जिथे "शिल्लक" लिहिलंय तिथे थांब, त्या शब्दावर बोट ठेवून एक एक कंस बाहेर जा, पहिली जाहीर केलेली "शिल्लक" लागली की थांब. ती फील्ड निघाली तर शब्दावर "पा" लिही, पासबुकातली. पॅरामीटर किंवा लोकल निघाली तर "स्लि". तिने फोन चालू ठेवूनच केलं. कन्स्ट्रक्टरमधल्या त्या ओळीवर दोन्ही बाजूंना "स्लि" आलं. पलीकडे क्षणभर शांतता, मग "अय्या, मी स्लिपवरच लिहितेय" असं म्हणून तिने फोन ठेवला.

सकाळी सव्वासातला व्हॉट्सॲपवर फोटो आला. पैसे जमा करायच्या मेथडमधली एक ओळ:

इंट शिल्लक = धिस.शिल्लक + रक्कम;

उजवीकडच्या "शिल्लक"वर पेन्सिलीने "पा". डावीकडच्यावर "स्लि", त्याभोवती गोल, आणि सुरुवातीच्या "इंट"वर काट.